पिस्तुलाची काडतुसे रीलोड करताना चार्ज एकसारखा कसा पडतो

रीलोडिंग म्हणजे झाडलेल्या पुंगळीत (काडतुसाच्या धातूच्या कवचात) नवा प्रायमर (पावडर पेटवणारी टोपी), पावडर आणि गोळी बसवून काडतूस पुन्हा तयार करणे; पुंगळीत पडणाऱ्या पावडरच्या मापाला चार्ज म्हणतात. रायफलच्या पुंगळीत ४५ ग्रेन पावडर भरताना ०.१ ग्रेन इकडेतिकडे झाली, तर तो फरक पाव टक्क्याच्याही आत राहतो. पिस्तुलाच्या बऱ्याच काडतुसांत मात्र अख्खा चार्जच ४ ते ६ ग्रेनच्या आसपास असतो, आणि तोच ०.१ ग्रेन तेथे दोन-अडीच टक्क्यांपर्यंत जातो. १ ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम. त्या हिशेबाने ४ ग्रेनचा चार्ज म्हणजे पाव ग्रॅमाहून किंचित जास्त वजनाची आणि सर्वसाधारणपणे अर्धा मिलिलिटरसुद्धा न भरणारी चिमूटभर पावडर. त्यातच पिस्तुलासाठीच्या पावडरी झटकन जळणाऱ्या असतात आणि चार्ज ज्या प्रमाणात वाढतो त्यापेक्षा अधिक प्रमाणात दाब वाढतो. चार्ज किती असावा हे पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या लोड मॅन्युअलमधून घ्यायचे, त्यात दिलेल्या किमान आकड्यापासून सुरुवात करायची आणि कमाल आकडा ओलांडायचा नाही, हे गृहीत धरूनच मी पुढचे लिहितो आहे. येथे प्रश्न एवढाच आहे की, एकदा ठरवलेला चार्ज प्रत्येक पुंगळीत तेवढाच पडावा यासाठी काय करावे लागते.

या प्रश्नाचे उत्तर अनेक जण महागड्या वजनकाट्यात शोधतात. मला ते पटत नाही. काटा चार्ज किती पडला एवढेच सांगतो; तो सारखा पाडण्याचे काम पावडर मेजरचे, म्हणजे हँडल फिरवले की ठरलेले माप टाकणाऱ्या यंत्राचे, आणि मेजर चालवणाऱ्या हाताचे असते. मेजर जर ओढीगणिक वेगळे माप टाकत असेल, तर कितीही सूक्ष्म काटा असला तरी तो त्या चढउतारांची केवळ नोंद ठेवील. म्हणून चार्ज का हलतो हे आधी समजून घ्यावे आणि मग वजन करावे, असा क्रम मी मानतो.

मूळ अडचण अशी आहे की आपल्याला वजन हवे असते आणि मेजर आकारमान मोजते. हॉपरमधली (मेजरवरच्या साठवणीच्या भांड्यातली) पावडर स्वतःच्या भाराने खाली उतरते, ड्रममधल्या (फिरणाऱ्या दंडगोलातल्या) किंवा सरकत्या पट्टीतल्या पोकळीत भरते, हँडल फिरले की पोकळीच्या तोंडावरची पावडर कडेने छाटली जाते आणि आत राहिलेली पुंगळीत पडते. पोकळीचे आकारमान एकदा लावले की ते बदलत नाही. बदलते ती तिच्यात पावडर किती घट्ट बसली आहे ती. धान्य मापताना मापटे जमिनीवर आपटले की दाणे बसतात आणि तेवढ्याच मापट्यात आणखी मूठभर मावते, तसेच येथे होते, फक्त मूठभराच्या जागी ०.१ किंवा ०.२ ग्रेनचा प्रश्न असतो. चार्ज हलण्याची जवळजवळ सगळी कारणे शेवटी या एकाच गोष्टीपाशी येतात: पोकळी भरण्याच्या क्षणी पावडर दरवेळी सारखीच बसलेली नसते.

पावडर कशी बसते हे प्रथम तिच्या कणांच्या आकारावर अवलंबून असते. बॉल पावडरचे कण गोल किंवा किंचित चपटे केलेले गोल असतात, ते एकमेकांवरून सहज घरंगळतात आणि पोकळी भरताना फारशा फटी ठेवत नाहीत. विंचेस्टर २३१ आणि हॉजडनची एचपी-३८ या पावडरी नेमक्या मापल्या जातात अशी ख्याती आहे ती यामुळेच. फ्लेक पावडरचे कण पातळ चकत्यांसारखे असतात. ते आडवे पडतात, उभे राहतात, एकमेकांवर टेकतात, आणि चकती जितकी मोठी तितकी पोकळी भरण्यात अनिश्चितता अधिक असते. युनिक ही फार जुनी आणि अनेक काडतुसांना चालणारी पावडर आहे, परंतु तिच्या मोठ्या चकत्या मेजरमधून एकसारख्या पडत नाहीत ही तिच्याबद्दलची तक्रारही तितकीच जुनी आहे. तिसरा प्रकार नळीतून दाबून काढलेल्या बारीक कांड्यांचा. रायफलच्या लांब कांड्या ड्रमच्या कडेखाली सापडून कातरल्या जातात आणि हँडल फिरवताना ते हाताला कळतेही. पिस्तुलासाठीच्या विताव्हुओरी एन-३२० सारख्या पावडरच्या कांड्या मात्र इतक्या आखूड असतात की त्यांचा हा त्रास फारसा जाणवत नाही.

याचा अर्थ फ्लेक पावडर टाळावी असा नाही. फ्लेक पावडरी सहसा फुगीर असतात, पुंगळीचा बराच भाग भरतात, आणि हा गुण सुरक्षिततेच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. त्याकडे मी पुढे येतो. तोपर्यंत एवढे ध्यानात ठेवावे की एका पावडरसाठी मिळालेली एकसारखेपणाची पातळी दुसऱ्या पावडरकडून मिळेलच असे नाही, आणि बारीक बॉल पावडरने केलेल्या चाचणीवरून मेजर उत्तम ठरवून नंतर त्यात मोठ्या चकत्यांची पावडर भरणे म्हणजे स्वतःचीच समजूत घालणे होय.

पोकळीच्या घडणीकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही, असे मला सतत वाटत आले आहे. पोकळीच्या तळाशी आणि भिंतींशी पावडर जवळजवळ सारखीच बसते. खरा गोंधळ तोंडाशी होतो, कारण ड्रमची कड पावडर छाटताना काही कण आत ढकलते, काही बाहेर ओढते आणि काहींना अर्धवट अवस्थेत पकडते. ही चूक पोकळीच्या तोंडाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, तिच्या खोलीवर नाही. तोंड रुंद आणि खोली कमी असेल, तर छाटणीच्या थरात सापडणाऱ्या कणांचे एकूण मापाशी प्रमाण मोठे होते. तोंड अरुंद आणि खोली जास्त असेल, तर तेच प्रमाण घटते. रायफलच्या मोठ्या ड्रमवर पोकळीचे माप ठरवणारा स्क्रू पार आत घेऊन ४ ग्रेनचा चार्ज पाडायचा प्रयत्न केला की पोकळी उथळ बशीसारखी होते, आणि मग आकडे विखुरतात यात नवल नाही. म्हणूनच मेजर बनवणाऱ्या अनेक कंपन्या पिस्तुलासाठी वेगळा, अरुंद पोकळीचा ड्रम देतात. तो घेणे हा मेजरवर होणारा सर्वांत सार्थ खर्च आहे. याला एक मर्यादा आहे: पोकळी फारच अरुंद आणि चकत्या मोठ्या असतील, तर चकत्या तोंडाशीच एकमेकींत अडकून कमान धरतात आणि पोकळी अर्धवट भरते.

आता हॉपर. पावडरचा स्तंभ जितका उंच तितका खालच्या कणांवरचा भार अधिक, आणि हॉपर रिकामा होत गेला की तो भार कमी होतो. हा फरक कमी करण्यासाठी हॉपरच्या तळाजवळ बॅफल बसवतात. बॅफल म्हणजे भोके असलेला, बहुधा घडी घातलेला पत्रा; वरच्या पावडरचे वजन तो स्वतःवर पेलतो आणि त्याच्याखाली पावडरचा छोटा, कायम तेवढाच स्तंभ उरतो. मेजरसोबत बॅफल आला नसेल तर तो जरूर बसवावा. बॅफल असला तरी हॉपर एक तृतीयांशाच्या खाली जाऊ देऊ नये, आणि भरण्याची वेळही ठरलेली असावी. हॉपर भरल्यानंतरचे पहिले काही चार्ज पुंगळीत न टाकता परत हॉपरमध्ये टाकावेत, कारण नव्याने ओतलेली पावडर सैल असते आणि हँडलच्या हालचालींनी ती हळूहळू बसत जाते. काट्यावर सलग येणारे आकडे एका जागी स्थिरावेपर्यंत हे करत राहावे. त्याआधी स्क्रूला हात लावला, तर आपण बसत असलेल्या पावडरच्या मागे धावत राहतो आणि सेटिंग कधीच पक्के होत नाही.

स्थिर विजेचा त्रास कोरड्या हवेत विशेष होतो. प्लास्टिकच्या हॉपरच्या भिंतींना आणि खाली उतरणाऱ्या नळीला पावडरचे कण चिकटलेले उघड दिसतात. चिकटलेले कण तेथेच राहिले असते तर फार बिघडले नसते. पण ते साचतात आणि मग हिसक्यासरशी एकदम सुटतात, तेव्हा एका पुंगळीत कमी आणि दुसरीत जास्त पावडर पडते. बहुतेक धूरविरहित पावडरींच्या कणांवर ग्रॅफाइटचा थर असतोच, त्यामुळे नव्या मेजरमधून काही काळ पावडर फिरवली की आतल्या पृष्ठभागांवर ग्रॅफाइट चढते आणि हा त्रास ओसरतो. कपडे वाळवण्याच्या यंत्रात टाकतात ती शीट घेऊन हॉपर आतून पुसून काढण्याचाही चांगला उपयोग होतो. तेल किंवा ग्रीस मात्र पावडरच्या वाटेत कोठेही लावू नये. नव्या मेजरच्या ड्रमवर गंज न चढावा म्हणून कारखान्यात लावलेला तेलाचा थर असतो, तोही पहिल्या वापराआधी पूर्णपणे काढावा, कारण तेलकट धातूला कण चिकटतात आणि तेल लागलेली पावडर खराब होते.

एवढे सगळे जमले तरी हँडल चालवणारा हात उरतोच. पोकळी हॉपरखाली असताना हँडलचा शेवटी बसणारा ठोका पावडरला बसवतो, आणि तो ठोका हलका की जोरकस यावर चार्ज ठरतो. हँडल वर नेताना ते अटकावापर्यंत पूर्ण न्यावे, तेथे क्षणभर थांबावे, म्हणजे पोकळी भरायला वेळ मिळतो. मग त्याच गतीने खाली आणून तेथेही क्षणभर थांबावे, म्हणजे पोकळी पूर्ण रिकामी होते. काही जण दोन्ही टोकांना हलकी टिचकी देतात, काही देत नाहीत. दोन्ही पद्धती चालतात. अर्ध्या पुंगळ्यांना टिचकी आणि उरलेल्या अर्ध्यांना नाही, हे मात्र चालत नाही. मी दोन्ही टोकांना एक-एक टिचकी देतो, कारण मोठ्या चकत्यांची पावडर तोंडाशी कमान धरून बसली असेल तर ती तेवढ्याने मोकळी होते. टेबल डगमगत असेल तर हाताची ही शिस्त वाया जाते, म्हणून प्रेस (पुंगळीवर रीलोडिंगची कामे करणारे दाबयंत्र) आणि मेजर ज्या टेबलावर आहेत ते भिंतीला किंवा जमिनीला घट्ट जखडलेले असावे.

प्रोग्रेसिव्ह प्रेसवर हात आणि मेजर यांच्यामध्ये आणखी बऱ्याच गोष्टी येतात. एकाच हँडलने एका जागी पुंगळी साइझ होत असते (मूळ मापाला आणली जात असते), दुसरीकडे प्रायमर बसत असतो, तिसरीकडे गोळी बसत असते, आणि त्या सर्वांचे धक्के हॉपरपर्यंत पोचतात. एखादी पुंगळी साइझिंगला अडली आणि हँडलला हिसका बसला की त्या वेळची पावडर वेगळी बसते. अशा वेळी त्या ओढीत चार्ज मिळालेली पुंगळी बाजूला काढून तिचे वजन करावे. हँडल अर्ध्यावर थांबवून मागे-पुढे करणे तर कटाक्षाने टाळावे, कारण काही प्रेसवर अशाने मेजर पूर्ण फिरत नाही आणि काहींवर एकाच पुंगळीत दोनदा पावडर पडू शकते. पुंगळीच्या ढकलण्याने चालणाऱ्या मेजरमध्ये ड्रम किंवा पट्टी दरवेळी शेवटपर्यंत जाते आहे ना, हेही अधूनमधून डोळ्यांनी पाहावे; डाय (प्रेसमध्ये बसवलेला साचा) थोडी वर सरकली तर पट्टी अपुरी सरकते आणि चार्ज नकळत कमी होतो. सेटिंग पक्के झाल्यावर डायच्या लॉकनटवर आणि मेजरच्या स्क्रूवर रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली की काही सरकल्यास ते लगेच दिसते.

काट्याविषयी आता लिहितो. रीलोडिंगचे बरेचसे डिजिटल काटे ०.१ ग्रेनपर्यंतच दाखवतात आणि त्यांची अचूकताही साधारण तेवढीच असते. म्हणजे ४.१ हा आकडा दिसला तर खरे वजन ४.० असू शकते किंवा ४.२. शिवाय सोबत मिळणारे कॅलिब्रेशनचे वजन बहुधा २० किंवा ५० ग्रॅमचे असते. ५० ग्रॅम म्हणजे जवळजवळ ७७२ ग्रेन, आणि आपल्याला हवे आहेत ४. काटा वरच्या टोकाला बरोबर आहे म्हणून तो खालच्या टोकालाही बरोबर असेल असे मानू नये. चार्जच्या जवळपासचे एखादे छोटे तपासवजन घेऊन तेथेच तो पारखावा. डिजिटल काटा वापरण्याआधी अर्धा तास चालू ठेवावा, पंख्याच्या आणि खिडकीच्या वाऱ्यापासून दूर ठेवावा, आणि मोबाइल जवळ ठेवू नये. आणखी एक बाब अनेकांना ठाऊक नसते: हे काटे अत्यंत सावकाश होणारा बदल स्वतःचीच सरकण समजून गिळून टाकतात. ट्रिकलरने एक-एक कण टाकत गेल्यास आकडा हलत नाही आणि पावडर मात्र वाढत राहते. काट्यावरचा तवा (पावडरची ताटली) उचलून पुन्हा ठेवला की खरा आकडा दिसतो. बीम (दांडीच्या) काट्याला हे दोष नसतात, परंतु तो समतल हवा, वारा त्यालाही चालत नाही, आणि दांडीचे टोक नजरेच्या अगदी समोर ठेवून वाचावे लागते.

काट्याच्या या मर्यादेवर जुना उपाय आहे: दहा चार्ज एकाच तव्यात पाडून एकत्र वजन करावे आणि दहाने भागावे. दहांचे वजन ४१.३ ग्रेन आले तर सरासरी ४.१३ निघते, आणि काट्याची ०.१ ची चूकही दहांत विभागली जाऊन प्रत्येकी ०.०१ उरते. सेटिंग लावण्यासाठी याहून चांगली पद्धत नाही. एकसारखेपणा पारखण्यासाठी मात्र ती निरुपयोगी आहे. अर्धे चार्ज ३.८ चे आणि अर्धे ४.४ चे पडले तरी सरासरी ४.१ च येईल आणि दहांचे एकत्र वजन पाहणारा निर्धास्त राहील. म्हणून सेटिंग लागल्यावर सलग वीस-तीस चार्ज एकेक करून तोलावेत आणि आकडे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने लिहावेत.

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. सर्वांत मोठा आकडा, सर्वांत लहान आकडा आणि सरासरी काढून बहुतेक जण वही मिटतात, आणि नेमकी कामाची माहिती तेथेच हरवते. आकडे हळूहळू एकाच दिशेने सरकत असतील, तर हॉपरची पातळी, सैल होत चाललेला स्क्रू किंवा तापत असलेला काटा यांपैकी एक कारण असते. शून्य तपासले की काट्याचा संशय लगेच फिटतो किंवा पक्का होतो. एक चार्ज हलका आणि लगेच पुढचा जवळजवळ तेवढाच जड, अशी जोडी दिसली तर पावडर कोठेतरी अडकून पुढच्या वेळी सुटते आहे, म्हणजे कमान धरणे किंवा स्थिर वीज. आकडे दोन्ही बाजूंना काहीही क्रम नसताना विखुरलेले असतील तर हाताची गती सारखी नाही किंवा पोकळी त्या पावडरला योग्य नाही. सगळे आकडे एका जागी असून मध्येच एकदम पायरी पडून तेथेच राहिले असतील, तर सेटिंग हलले आहे किंवा काट्याला धक्का लागला आहे. हे चारही प्रकार सरासरीत सारखेच दिसू शकतात, आणि त्यांचे उपाय मात्र एकमेकांपासून पूर्ण वेगळे आहेत. मेजरला नावे ठेवून ते विकून टाकण्याआधी असा एक रकाना लिहून पाहावा, असे मी आग्रहाने सांगेन.

किती एकसारखेपणा पुरेसा, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. बारीक बॉल पावडरकडून ठरलेल्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना ०.१ ग्रेनच्या आत राहण्याची अपेक्षा ठेवावी. मोठ्या चकत्यांकडून थोडी सवलत द्यावी. आणि लोड कमाल आकड्यापासून इतका दूर असावा की सर्वांत जड चार्जही मर्यादेच्या आत राहील. पिस्तुलाचा प्रत्येक चार्ज ट्रिकलरने तोलून भरण्यात मला तथ्य वाटत नाही. क्रोनोग्राफवर वेगात जो फरक दिसतो त्यातला बराच भाग गोळीच्या वजनातून, पुंगळीच्या आतल्या जागेतून, क्रिंपमधून (पुंगळीचे तोंड गोळीवर आवळण्यातून), पुंगळीची गोळीवरील पकड कमीजास्त असण्यातून आणि पुंगळीत पावडर पुढे आहे की मागे यातून येतो. मोठी पुंगळी आणि छोटा चार्ज असेल तर हे शेवटचे कारण एकटेच बराच फरक घडवते: पिस्तूल वर उचलून खाली आणले की पावडर प्रायमरकडे असते आणि खाली झुकवून वर आणले की ती गोळीकडे असते, चार्ज मात्र दोन्ही वेळा तोच. स्पर्धेसाठी लोड करणाऱ्यांनाही हेच लागू पडते. आयपीएससी या आंतरराष्ट्रीय प्रॅक्टिकल शूटिंग संघटनेच्या स्पर्धांत मायनर गटासाठी पॉवर फॅक्टर किमान १२५ लागतो, म्हणजे गोळीचे ग्रेनमधले वजन आणि फूट प्रति सेकंदातला वेग यांच्या गुणाकाराला १,००० ने भागून येणारा आकडा. १२४ ग्रेनची गोळी १,०५० फूट प्रति सेकंदाने गेली तर तो १३०.२ येतो, आणि १२५ पासूनचे हे अंतर मेजरच्या सामान्य चढउताराला पुरून उरते. ज्याने सरासरीच १२५.५ वर ठेवली आहे त्यालाच प्रत्येक दशांशाची धास्ती असते.

दशांशाची चर्चा इतकी होते की डबल चार्ज आणि रिकामी पुंगळी या खऱ्या धोक्यांकडे दुर्लक्ष होते. .३८ स्पेशल हे काडतूस १८९८ च्या सुमाराचे आहे आणि त्याची पुंगळी काळ्या दारूच्या मापाने बेतलेली आहे. त्या वेळी तिच्यात २१ ग्रेनच्या आसपास काळी दारू भरत असत. आज तिच्यात झटकन जळणारी धूरविरहित पावडर ४ ग्रेनच्या आगेमागे पडते आणि बाकीची जागा रिकामीच राहते. दोन चार्ज त्यात सहज मावतात, बाहेर एक कणही सांडत नाही, आणि १७,००० पीएसआयच्या (पौंड प्रति चौरस इंच दाबाच्या) मर्यादेसाठी असलेले काडतूस बंदूक फोडण्याइतका दाब तयार करू शकते. याच्या उलट टोकाला पावडरच न पडलेली पुंगळी असते. एकटा प्रायमरसुद्धा गोळीला नळीत ढकलण्याइतका दाब देतो. ती तेथे अडकते, आणि तिच्यामागून पुढची गोळी झाडली तर नळी फुगते किंवा फुटते. ०.१ ग्रेनच्या चढउताराने सहसा कोणाला इजा होत नाही. या दोन चुकांनी होते.

म्हणून फुगीर पावडरच्या गुणाकडे मी परत येतो. एका चार्जने पुंगळी अर्ध्याहून अधिक भरत असेल तर दुसरा चार्ज बाहेर सांडतो आणि चूक टेबलावर उघडी पडते. मापायला थोडी त्रासदायक, पण पुंगळी भरणारी पावडर आणि मापायला उत्तम, पण तळाशी चिमूटभर दिसणारी पावडर यांतून निवडायचे झाल्यास, विशेषतः नवशिक्याने, पहिली निवडावी. दशांशाच्या एका भागाची किंमत तेथे आनंदाने मोजावी. पावडर कोणतीही असो, गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत डोळ्यांनी पाहणे सुटू नये. सिंगल स्टेज (एका वेळी एकच काम करणाऱ्या) प्रेसवर हे सोपे आहे: चार्ज देण्याआधीच्या पुंगळ्या ब्लॉकमध्ये उलट्या ठेवाव्यात, चार्ज दिलेल्या सुलट्या, आणि शेवटी तिरपा प्रकाश टाकून सगळ्या रांगा एका नजरेत पाहाव्यात, एका पातळीच्या रांगेत उंच किंवा खोल गेलेली पुंगळी लगेच खुपते. प्रोग्रेसिव्ह प्रेसवर पावडरच्या जागेवर थेट आत पडणारा छोटा दिवा लावावा आणि शक्य असल्यास पावडर तपासणारी डाय बसवावी. ही डाय ०.१ ग्रेनचा फरक ओळखत नाही. ती डबल चार्ज आणि रिकामी पुंगळी ओळखते, आणि तिच्याकडून तेवढेच हवे आहे.

पावडर स्वतःही बदलते. हवेतला ओलावा ती थोड्या प्रमाणात घेते आणि सोडते, त्यामुळे तेवढ्याच आकारमानाचे वजन आणि जळण्याचा वेगही बदलतो. रात्रभर हॉपरमध्ये राहिलेली पावडर आणि बंद डब्यातली पावडर एकच आहेत असे धरू नये. प्रत्येक डब्याचा लॉट क्रमांक पाहावा. नवा लॉट उघडला की मेजरचे जुने सेटिंग तसेच ठेवून काम सुरू करू नये, कारण लॉटनुसार घनता थोडी बदलते आणि बुशिंगच्या किंवा डिस्कच्या (काही मेजरांतल्या ठरावीक मापाच्या पोकळ्यांच्या) तक्त्यांतले आकडे मुळातच अंदाजाचे असतात. नायट्रोग्लिसरीन असलेल्या डबल बेस पावडरी काही प्लास्टिकवर परिणाम करतात. हॉपर धुरकट आणि खरबरीत होण्याचे ते एक कारण आहे. हॉपर रिकामा करण्याचे याहून मोठे कारण ओळखीचे आहे. हॉपरमधल्या पावडरवर नाव लिहिलेले नसते, आणि दिसण्यावरून पावडर ओळखता येते असे मानणे धोकादायक आहे. म्हणून टेबलावर एका वेळी एकच डबा असावा, काम संपताच हॉपर त्याच डब्यात रिकामा करावा, आणि शंका आलेली पावडर वापरू नये. काळी दारू आणि तिच्या जागी वापरल्या जाणाऱ्या पावडरी या मेजरमध्ये कधीही घालू नयेत. त्यांच्यासाठी ठिणगी न पाडणारी वेगळी साधने असतात.

ओल्या धुतलेल्या पुंगळ्यांचाही उल्लेख करायला हवा. बाहेरून कोरडी दिसणारी पुंगळी तळाशी ओलसर असू शकते. तेथे पावडर चिकटते आणि भिजते. मेजरने अचूक टाकलेला चार्ज मग नीट पेटत नाही, आणि दोष मेजरला मिळतो. प्रायमर बसवण्याआधी पुंगळ्या पूर्ण सुकवाव्यात.

शेवटचा प्रश्न तपासणी किती वेळाने करावी हा. हॉपर भरल्यावर, मध्ये उठून परत आल्यावर आणि प्रेसला हिसका बसल्यावर तपासणी अपरिहार्य आहे. त्याखेरीज दर किती काडतुसांनंतर एक चार्ज तोलावा, याचे उत्तर मी असे काढतो: एखादा तपासणी-चार्ज ठरलेल्या पट्ट्याबाहेर आला, तर मागच्या बरोबर आलेल्या तपासणीपासून त्या क्षणापर्यंत बनलेले प्रत्येक काडतूस संशयास्पद ठरते आणि ते खोलावे लागते. तेवढ्या गोळ्या हातोड्याच्या पुलरने काढण्याची आपली जितकी तयारी असेल, तितक्या अंतराने तपासणी करावी. माझ्यासाठी ते अंतर पन्नास काडतुसांचे आहे, आणि नवी पावडर किंवा नवा लॉट असेल तेव्हा दहाचे. प्रत्येक पन्नास काडतुसे वेगळ्या डब्यात टाकली आणि डब्यावर तपासणीचा आकडा लिहिला, तर संशय आल्यावर कोणता डबा खोलायचा हे शोधावे लागत नाही, आणि आधीच्या डब्यांतली बरोबर बनलेली काडतुसे तशीच राहतात.